न बघता केलेली टिक

"रिजेक्ट," भाग्यश्री म्हणाली, आणि पालथ्या होडीच्या आतून आवाज आला, "कोण म्हणालं ते?"

ती चटकन मागे सरली. पवना धरणाच्या फुगवट्याकाठी, दोन लाकडी घोड्यांवर एक जुनी फायबरची होडी पालथी घातली होती. आसपास कुणी दिसत नव्हतं, म्हणून तिने जाता जाता तिच्या बुडावरून हात फिरवला होता, इतकंच. चाकणच्या कंपनीत गाड्यांच्या बंपरवरून दिवसाला चारशे वेळा हात फिरवायची तिला सवय. बोटांना खोट लागली की तोंडातून तो शब्द आपोआप बाहेर पडायचा. एकदा लग्नाच्या पंगतीत जिलेबी उचलूनही ती असंच म्हणाली होती, आणि ते नेमकं नवरीच्या मामाने ऐकलं होतं.

होडीखालून आधी एक ब्रश बाहेर आला, मग चिकट झालेला एक हात आणि शेवटी अख्खा माणूस. केसांत पांढरा भुसा, डोळ्यांत राग... की हसू? तिला नीट कळेना.

"काय रिजेक्ट?"

"नाही, सवय आहे... म्हणजे, मी क्वालिटीला आहे ना." कानाच्या पाळ्या तापल्या तिच्या. "पण भोकं आहेत इथं. टाचणीएवढी. दोन."

त्याने तिथं बोट फिरवलं. एकदा, दोनदा. मग डोळे मिटून तिसऱ्यांदा.

"तीन आहेत," तो म्हणाला. "एक तुमच्याकडून सुटलं, मॅडम."

आजवर तिच्याकडून काही सुटलं असं कुणी म्हणालं नव्हतं. ती वाकली, तपासलं, आणि तिसरं भोक खरंच होतं. तो हसत होता... आणि हसताना त्याच्या एका गालावर वाळलेला रेझिनचा थेंब तडकून खाली पडला.

त्याचं नाव रणजीत. दापोडीचा. भोसरीतल्या फायबरच्या वर्कशॉपमध्ये बसचे दर्शनी भाग बनवायचा आणि रविवारी इथं येऊन इतरांच्या होड्या दुरुस्त करायचा. भाग्यश्री राहायची कासारवाडीला. तिला इथं ओढून आणलं होतं तिच्याच बिल्डिंगमधल्या तेजस्विनीने, "चल गं, एक रविवार तरी कपडे धुण्याशिवाय काहीतरी कर" असं म्हणून.

या मंडळींनी स्वतःला 'रविवार वल्हे मंडळ' असं भारदस्त नाव दिलं होतं. खरं तर वल्ही मारण्यापेक्षा तोंडंच जास्त चालायची. अध्यक्ष दौलतराव. मूळचे मावळातले, कंपनीतून निवृत्त होऊन निगडी प्राधिकरणात स्थायिक झालेले. त्यांची होडी रबरी, हवा भरायची. ते पायपंप मारत बसले की त्यांच्या पत्नी रुक्मिणीबाई पोह्यांचा डबा उघडता उघडता सुरू करायच्या.

"अर्धा तास हवा भरायची, धा मिनटं फिरायचं, आन् परत अर्धा तास हवा काढायची. त्यापरीस घरच्या पिंपात बसा की."

"पिंपात तू बसू देशील व्हय?" दौलतराव पंप न थांबवता म्हणायचे. "मागल्या खेपंला नुसता तांब्या घातला तर आठ दिस बोलली न्हाईस."

"काका, तुमची होडी चाकण चौकात न्या," तेजस्विनी म्हणायची. "परवा सव्वा तास अडकले होते."

"तिथं पानी कुठंय?"

"पावसाळ्यात असतं की!"

"मग तर वल्हं मारायला बी जागा न्हाई गावायची," दौलतराव म्हणायचे, आणि सगळे पोहे सांडेपर्यंत हसायचे.

भाग्यश्री या हसण्यात पहिल्या रविवारी लाजत शिरली, दुसऱ्या रविवारी वेळेआधी पोचली आणि जिलेबीचा किस्साही सांगून बसली. तिसऱ्या रविवारी तेजस्विनी आजारी होती, तरी ही एकटी आली. का आली, हे तिने स्वतःलाही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर देताना पंचाईत झाली असती.

रणजीतची स्वतःची एक होडी तयार होत होती. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, चौदा महिन्यांपासून. वरचं आणि खालचं अशी दोन फायबरची कवचं कडेने एकमेकांना चिकटवलेली, मध्ये पोकळी. त्या पोकळीतल्या हवेवर होडी तरंगणार. मागच्या टोकाला तळाशी एक बूच, आत चुकून पाणी गेलं तर काढून टाकायला. एवढं साधं काम, पण त्याबद्दल बोलायला लागला की त्याचे हात हवेत होडीचा आकार काढायचे, आणि भाग्यश्री त्या हातांकडे बघत राहायची.

"झाली की तुम्हीच तपासायची," तो म्हणाला. "काठावर तंबू लावतात ना, ते हिंदुराव बघायला येणारेत. पसंत पडली तर चार होड्या सांगतील मला. मग मी भोसरीची नोकरी सोडून स्वतःचं चालू करीन."

"मी तपासली तर पास होईलच असं नाही."

"म्हणून तर तुम्हाला सांगतोय. लाडाने पास करणारे पुष्कळ आहेत."

तिने त्याला कंपनीत असते तशी चेकशीट करून पाठवली. चौदा मुद्दे, प्रत्येकापुढे टिक करायला चौकोन, खाली सहीची जागा. अकरावा मुद्दा होता, 'बूच काढून आतला वायसर आहे का बघणे.'

"एवढंसुद्धा?" त्याने फोनवर विचारलं. "रबराची साधी चकती ती. कोण विसरेल?"

"माणूस विसरतो. म्हणून तर आम्हाला पगार मिळतो."

मग तो म्हणाला, "आवाजसुद्धा कडक आहे तुमचा. पण चांगला आहे." फोन ठेवल्यावर ती उगाचच गॅलरीतल्या वाळलेल्या कपड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घालत बसली.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी होडी टेम्पोतून उतरली. निळी, नितळ, उन्हात ओली असल्यासारखी चमकणारी. पाण्यावर अजून धुक्याचा पातळ पडदा होता. दौलतरावांनी आपल्या होडीत हवा भरायचंही विसरून तिच्याभोवती दोन चकरा मारल्या. हिंदुराव मिशीवरून बोट फिरवत लांब उभे होते. सगळ्यांसमोर रणजीतने पुठ्ठ्याला लावलेली चेकशीट भाग्यश्रीच्या हातात दिली.

"मॅडम, तुमच्या सहीशिवाय पाण्यात जायची नाही."

मान ताठ करून ती कामाला लागली. पहिला मुद्दा, दुसरा, तिसरा... कडेच्या जोडावरून तिने दोनदा हात फिरवला. बैठक हलवून बघितली. दहाव्यापर्यंत तिने कंपनीत करते तसंच, किंबहुना काकणभर जास्तच चोख काम केलं. खोटं कशाला सांगा.

अकराव्यासाठी ती मागच्या टोकाशी गुडघ्यावर बसली, आणि तेवढ्यात तो चहा घेऊन आला. इस्त्रीचा शर्ट, बाहीला कडक घडी. नेहमी भुशाने माखलेला माणूस आज आंघोळ करून, केस विंचरून तिच्यासमोर उकिडवा बसला होता. साबणाचा वास येत होता त्याला.

"दहा झाले? अजून एकही रिजेक्ट नाही?"

"गडबड करू नका."

"तुमच्या कपाळावर आठी दिसत नाही ना, म्हणून भीती वाटते." त्याने चहा पुढे केला. घेताना तिची बोटं त्याच्या बोटांना लागली. त्याने हात मागे घेतला नाही... तिनेही नाही. "आज संध्याकाळी, हे सगळं नीट पार पडलं तर... मला तुमच्याशी थोडं बोलायचंय."

तिने खाली बघितलं. कागद होता, चौकोन होते, हातात पेन होतं. अकरा, बारा, तेरा, चौदा. चारी टिका एका दमात झाल्या, पेन न उचलता. आणि खाली सही.

"पास?" त्याने विचारलं.

"पास," ती म्हणाली, आणि तिला आपला आवाज गोड वाटला.

होडी पाण्यात गेली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढे दौलतराव, मागे रणजीत, दोघांच्या अंगात नारिंगी जाकिटं. वल्ही पडत गेली, होडी सरळ रेघेत धुक्यात शिरली. हिंदुराव पहिल्यांदा हसले. भाग्यश्रीचा ऊर असा भरून आला की जणू होडी तिनेच बनवली होती.

वीसेक मिनिटांनी पाण्यावरून दौलतरावांचा आवाज आला. "रणजीत, मागं तू जाड झालायस का रं? आपलं बूड जड लागतंय!"

काठावर हशा पिकला. मग मागचं टोक खाली गेलेलं दिसलं, पाणी कडेवरून आत आलं, आणि बघता बघता निळी होडी पाण्याखाली जाऊन फक्त तिचं नाक वर राहिलं. दोघं जाकिटांवर तरंगत होते. दौलतराव "न्हाई न्हाई, काय झालं न्हाई!" असं ओरडत होते. हिंदुरावांच्या जुन्या होडीने त्यांना ओढून काठाला आणलं, त्याच होडीने, जिची भोकं रणजीतने बुजवली होती.

सगळे हसत होते. रणजीतही हसला, थोडा वेळ. कडक इस्त्रीचा शर्ट अंगाला चिकटला होता. हिंदुरावांनी निळ्या होडीवर थाप मारली. "हात चांगला हाय तुझा. पण जोड कच्चा राहिला. चार होड्यांचं मागनं बघू."

ते ऐकताना रणजीतचा चेहरा कसा झाला, हे भाग्यश्रीने बघितलं नाही. ती होडीच्या मागे बसून पोकळीतलं पाणी काढायला बूच फिरवत होती. बूच हातात आलं, पाण्याची धार सुटली. तिने बूच उलटं करून बघितलं.

आत वायसर नव्हता.

तिने पुन्हा बघितलं. खाचेत बोट घालून बघितलं. रबराची साधी चकती... नव्हतीच. पाणी जोडातून आलं नव्हतं. पाणी इथून आलं होतं, अकराव्या चौकोनातून.

तिने मान वर केली. कुणाचंही लक्ष नव्हतं. आता उठायचं, चार पावलं जायचं आणि बूच दाखवायचं, एवढंच करायचं होतं. धार थांबली तेव्हा तिने बूच परत जागेवर घट्ट बसवलं, ओढणीला हात पुसले, आणि उभी राहिली.

रणजीत तिच्याजवळ आला. "बूच तर तुम्ही तपासलं होतं," तो म्हणाला. "म्हणजे जोडच. माझाच जोड."

"हो का?" ती म्हणाली.

ते 'हो का' पुढे कितीतरी दिवस तिला स्वतःच्याच आवाजात ऐकू येत राहिलं. संध्याकाळी बोलायचं होतं त्याला. ती संध्याकाळ आलीच नाही. टेम्पोत होडी चढवून, कुणाचाही निरोप न घेता तो निघून गेला.

ग्रुपवर थट्टा चालू राहिली. दौलतरावांनी होडीला पाणबुडी म्हटलं. तेजस्विनीने विचारलं, काका, तळाशी मासे होते का? दौलतराव म्हणाले, व्हते, पण वळखीचे न्हवते. रणजीतने दोन दिवस हसणारे चेहरे टाकले, मग तेही बंद केलं. आणि बुधवारी भाग्यश्रीला त्याचा वेगळा मेसेज आला. 'तुमची यादी बरोबर होती. माझाच हात कच्चा. तुमची सही वाया गेली, माफ करा.'

माफी तो मागत होता! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने उत्तर लिहिलं, पुसलं, परत लिहिलं, परत पुसलं. जेवताना आईने दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का? आरशात बघून केस विंचरणंही नको वाटायला लागलं. चूक झाली होती, ते एक. पण चूक कळल्यावर बूच परत बसवणारे हात तिचेच होते, आणि ते आठवलं की अंगावर काटा यायचा. 'मी असं करणारी नाही' असं ती मनाशी म्हणायची, आणि मनच म्हणायचं, केलंस की.

दुसरा आठवडा असाच गेला. शुक्रवारी कंपनीत तिने लाईनवरच्या करिष्माची चेकशीट उचलली आणि तिला लगेच कळलं. सगळ्या टिका एकसारख्या, एका वेळी केलेल्या. एरवी तिने अख्खी लाईन थांबवून करिष्माची बिनपाण्याने केली असती. "करिष्मा, हे तू..." तिने सुरुवात केली.

करिष्माने एकदा कागदाकडे, एकदा तिच्याकडे बघितलं. "चुकलं मॅडम. बघितलं नाही, तशीच टिक मारली. आता सगळे परत बघते." आणि ती बंपरच्या ढिगाकडे वळली.

एवढं सोपं होतं? भाग्यश्री तिथंच उभी राहिली. दिवसाकाठी चार माणसांना शरमेने खाली बघायला लावणारी ती, आणि एका ऑपरेटर मुलीने तीन वाक्यांत केलं ते तिला दोन आठवडे जमलं नव्हतं.

पहिली शिफ्ट सुटली. कंपनीची बस भोसरीच्या पुढे रांगत असताना फोन वाजला. ग्रुपवर रणजीतचा मेसेज होता. 'होडी उद्या कापतोय. शेडची जागा मोकळी करायची आहे. कुणाला फायबरचे तुकडे हवे असतील तर सांगा.' खाली दौलतरावांनी लिहिलं होतं, 'आरं, असं नको करू राव.' बाकी कुणी काही बोललं नव्हतं.

नाशिक फाट्याला घराकडे न वळता तिने दापोडीची रिक्षा पकडली.

विचारत विचारत ती घरापाशी पोचली, तेव्हा दारात रणजीतची आई लसूण सोलत बसली होती. "जय भीम, काकू. रणजीत आहेत का?"

"जय भीम, बाळा. मागं शेडात हाय." तिने भाग्यश्रीला नीट निरखलं. "तू ती तपासनारी का? सांग की जरा त्याला. पंधरा दिवस झाले, जेवताना बी बोलत नाही."

शेडमध्ये रणजीत कापायच्या मशीनला नवी चकती लावत होता. होडीवरची ताडपत्री खाली पडली होती. तिला बघून तो उठला आणि उगाच हात पुसायला लागला.

"तुम्ही? बसा ना. इथं धूळ आहे... थांबा, स्टूल देतो."

"नको." बसली असती तर परत उठवलं नसतं. "होडी कापू नका. जोड कच्चा नाही. बुचात वायसर नव्हता."

त्याचे हात पुसायचे थांबले.

"मी त्या दिवशी अकरावा मुद्दा बघितलाच नाही. न बघता टिक केली. नंतर पाणी काढताना बूच उघडलं, तेव्हा कळलं मला. आणि मी ते परत लावून टाकलं. तुम्ही म्हणालात माझाच जोड, आणि मी... मी 'हो का' म्हटलं."

बाहेर लोकल धडधडत गेली. मग त्याने होडीपाशी जाऊन बूच फिरवलं, काढलं, उजेडाकडे धरलं. बराच वेळ बघत होता.

"पंधरा दिवस," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, म्हणून तिला तो जास्त लागला. "पंधरा दिवस मी माझ्या हातांकडे बघतोय. भोसरीला काम करताना प्रत्येक जोड दोनदा घासतोय. शेठ विचारतो, काय झालं रे तुला? आणि तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"एक फोन करायचा होता!"

"हो."

"हो काय हो? दुसऱ्या कुणी केलं असतं तर चाललं असतं. तुम्ही? जिलेबी रिजेक्ट करणाऱ्या तुम्ही? बूच फिरवायला किती वेळ लागतो? का नाही बघितलं?"

बसमध्ये तिने याचं उत्तर तयार केलं होतं. घाई होती, लोक थांबले होते, डोळ्यांवर ऊन होतं.

"तुमच्याकडे बघत होते म्हणून," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "तुम्ही चहा घेऊन आलात. संध्याकाळी बोलायचंय म्हणालात. त्यानंतर मला होडी दिसलीच नाही. झालं?"

तो एकदम वळून शेडच्या बाहेर गेला. भाग्यश्री एकटी राहिली. गेला, तिच्या मनात आलं. बरोबरच केलं त्याने. तिने पर्स खांद्याला अडकवली, आणि तेवढ्यात तो परत आला. एका हातात गाडीच्या ट्यूबमध्ये हवा भरायचा पंप, दुसऱ्या हातात साबणाच्या पाण्याची बादली.

"तुम्ही म्हणता जोड पक्का आहे. तपासू," तो म्हणाला. तिच्याकडे बघणं त्याने टाळलं. "मी आत हवा भरतो. तुम्ही जोडावर साबण लावा. हवा निसटली तर बुडबुडा येईल."

तिने बाह्या सावरल्या. बुचाच्या जागी पंपाची नळी खुपसून त्याने भोवती चिंधी दाबली आणि पंप मारायला लागला. ती ब्रशने फेस लावत, नाक होडीला टेकेल इतकी वाकून, टिचभर टिचभर पुढे सरकत गेली. एक बाजू. पुढचं टोक. दुसरी बाजू. पाठीला रग लागली तरी ती उठली नाही. या खेपेला तिला दुसरं काही दिसतच नव्हतं. फेस नुसता फेस राहिला, कुठंही फुगला नाही. जिथून सुरुवात केली होती तिथं ती परत आली, आणि तरीही तिने पुन्हा एक फेरी मारली.

"एकही नाही," ती म्हणाली. "अख्खा जोड पक्का आहे. तुमचा हात चांगला आहे, रणजीत."

तो पंपावर तसाच ओणवा राहिला. मग मनगटाने डोळे पुसले. साबण गेला असेल डोळ्यांत, तिने तसंच समजून घेतलं.

"आता ग्रुपवर सांगते," ती म्हणाली.

"राहू द्या. मला कळलं, पुरे झालं."

"तुम्हाला हसले ते सगळ्यांसमोर हसले."

तिने फोन तोंडासमोर धरला. "नमस्कार. मी भाग्यश्री. रणजीतच्या होडीचा जोड कच्चा नव्हता. बुचात वायसर नव्हता, आणि तो तपासायचं काम माझं होतं. मी न बघता टिक केली. नंतर मला कळलं, तरी मी गप्प बसले. पाणबुडी म्हणायचं तर मला म्हणा." इथं ती थांबली. पाठवावं का एवढंच? पण अर्धं सांगितलं असतं तर ते पुन्हा न बघता केलेली टिकच झालं असतं. "का बघितलं नाही... तर माझं लक्ष रणजीतकडे होतं. हिंदुराव दादा, होडी चांगली आहे. आत्ता तपासली. दोनदा."

पाठवलं, आणि तिने फोन स्टुलावर पालथा टाकला. गाल असे पेटले होते की त्यावर भाकरी शेकली असती.

फोन थरथरायला लागला. थांबेचना. शेवटी रणजीतनेच तो उचलून वाचायला सुरुवात केली.

"तेजस्विनी म्हणते, 'तिसऱ्या रविवारी मी आजारी असताना एकटी गेलीस, तेव्हाच मला कळलं होतं.' काका म्हणतात, 'म्हंजी मी बुडालो ते ह्यांच्या प्रेमापायी व्हय?' पुढं... 'मला दोन नवे शर्ट लागतील.'" त्याचा आवाज हसू आवरताना फाटत होता, पण पुढचा मेसेज वाचताना तो थांबला. "हिंदुराव. 'जोड पक्का असंल तर रविवारी आणा. मी सोता बसनार.'"

तिने त्याच्याकडे बघायचं धाडस केलं. तो हसत नव्हता. कपाळाला हात लावून तो शेडच्या खिडकीकडे बघत होता, काहीतरी आठवत असल्यासारखा.

"शनिवार," तो पुटपुटला. "शनिवारी संध्याकाळी बसवत होतो मी बूच. वायसर हातात होता. इथंच, या टेबलापाशी..." आणि तो मानेपासून कानांपर्यंत तांबडा होत गेला.

"काय झालं?"

त्याने स्वतःचा फोन काढला, तिच्याकडे पाठ केली, आणि बोलायला लागला. "मंडळी, मी रणजीत. तिची चूक निम्मी आहे. वायसर बसवायला विसरलो तो मी. शनिवारी तो माझ्या हातात होता, आणि तिचा मेसेज आला. 'उद्या सातला पोचते.' एवढाच होता मेसेज. मी तो... अकरा-बारा वेळा वाचला असेन. वायसर कुठं ठेवला, आठवत नाही. बास, एवढंच सांगायचं होतं."

पाठवलं, आणि तो सरळ टेबलाखाली शिरला.

"काय करताय?"

"वायसर शोधतोय," खालून आवाज आला. "इथंच पडला असणार."

स्टुलावरचा फोन पुन्हा थरथरला. या खेपेला रुक्मिणीबाईंचा आवाज होता, मागे कुकरच्या शिट्टीसकट. "अगं भाग्यश्री, त्याला म्हनावं आधी वायसर बसव. बाकीचं मग बोला दोघं. आमचे हे पोहायला शिकाय निघालेत."

भाग्यश्री हसली. पंधरा दिवसांनी, आणि डोळ्यांत पाणी असताना. ती टेबलापाशी वाकली. खाली भुसा, पत्र्याचे तुकडे, आणि त्यात हातापायांवर बसलेला रणजीत. शोधत तो काहीच नव्हता. नुसता बसला होता, तोंड भिंतीकडे करून.

"सापडला?"

"नाही."

"मग बाहेर या."

"नको. लाज वाटते."

"मला पण."

तिने ओढणी कमरेला खोचली, गुडघे टेकले, आणि म्हणाली, "सरक जरा."

तो सरकला.